स्लॉट मशीन आतून कसं चालतं? तीन डबे, तीस चिठ्ठ्या आणि मूठभर चिंचोके

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीतली पाच-सहा पोरं गोव्याला निघाली होती. आठवडाभर आधी माझा भाचा संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही एवढी वर्षं गणित शिकवलंत. कॅसिनोत ते चित्रं जुळली की पैसे देणारं स्लॉट मशीन असतं ना, त्यावर कसं खेळायचं तेवढं सांगा की. तिथं गेल्यावर नुसतं बघत उभं राहायला नको." वय बावीस, नोकरी लागून जेमतेम सहा महिने झालेले.

जाऊ नकोस, एवढं म्हणून विषय संपवता आला असता. पण पोरगा जाणार होता हे मला दिसत होतं. अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि स्लॉट मशीन म्हणजे त्या धड्याला लावलेले दिवे आणि संगीत. ते आतून कळलेला माणूस त्याच्यापुढं वेगळ्या डोळ्यांनी बसतो. म्हणून त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि मशीनच तयार केलं. तेच इथं पायरी-पायरीनं लिहितो आहे. वाचून सोडू नका, डबे घेऊन खरंच करून बघा.

पायरी पहिली: घरातलं मशीन

स्टीलचे तीन सारखे डबे घ्या. प्रत्येक डब्यात दहा चिठ्ठ्या टाका: पाचांवर ऊस, तिघांवर हळद आणि दोघांवर द्राक्ष. आपल्या सांगलीचीच पिकं, लक्षात ठेवायला सोपी. पैशाऐवजी चिंचोके घ्या, पन्नास मोजून.

एका डावाला एक चिंचोका लावायचा. डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी काढायची. तीन ऊस आले तर ३ चिंचोके मिळणार, तीन हळद आल्या तर १० आणि तीन द्राक्षं आली तर ३०. बाकी काहीही आलं तर लावलेला चिंचोका गेला. डाव संपला की तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या डब्यात परत टाकायच्या आणि डबा हलवायचा.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सगळं मशीन त्या वाक्यात आहे. तांदूळ निवडताना एकेक खडा काढला की उरलेल्या तांदळात खडे कमी होतात. बहुतेक माणसं मशीनचा विचार तसाच करतात: एवढे वाईट डाव निघून गेले, म्हणजे आता आत चांगलेच उरले असणार. इथं तसं होत नाही. काढलेला खडा दर वेळी परत तांदळात पडतो. शंभर डाव हरल्यानंतरही डब्यात त्याच दहा चिठ्ठ्या असतात.

आता थोडं गणित. तीन डबे, प्रत्येकी दहा चिठ्ठ्या, म्हणजे १० × १० × १० = १,००० वेगवेगळे निकाल. त्यात तीन ऊस ५ × ५ × ५ = १२५ वेळा, तीन हळद २७ वेळा आणि तीन द्राक्षं ८ वेळा. हजार निकाल एकेकदा आले असं समजा. लावलेले चिंचोके हजार. परत मिळालेले: १२५ × ३ = ३७५, २७ × १० = २७० आणि ८ × ३० = २४०. बेरीज ८८५.

म्हणजे हजारातले ८८५ परत, ११५ डब्याच्या मालकाचे. तुम्ही आत्ताच स्लॉटच्या दुनियेतले तीन मोठे शब्द शिकलात. ८८.५ टक्के हा या मशीनचा आरटीपी, म्हणजे लावलेल्या रकमेतला खेळणाऱ्याकडे परत येणारा सरासरी हिस्सा. उरलेले ११.५ टक्के म्हणजे हाऊस एज, मालकाचा वाटा. आणि हजारात १६० डाव काही ना काही देतात, म्हणून हिट फ्रिक्वेन्सी १६ टक्के.

भाच्यानं पन्नास डाव काढले. सहा वेळा तीन ऊस, एकदा तीन हळद, द्राक्षं एकदाही नाहीत. पन्नासातले २८ चिंचोके उरले. "मामा, तुमचं साडेअठ्ठ्याऐंशी टक्के कुठं गेलं?" रात्री जेवणानंतर त्यानं आणखी पन्नास काढले, त्यात तीन द्राक्षं एकदा आली आणि त्या पन्नासात ६५ परत मिळाले. डबे तेच, चिठ्ठ्या त्याच. शंभर डावांचा हिशेब ९३. आरटीपी हा लाखो डावांचा आकडा आहे. तुमच्या संध्याकाळच्या दोन-तीनशे डावांत तो कुठल्याही बाजूला झुकू शकतो, आणि "आज आपला दिवस आहे" असं वाटतं ते याच झुकण्यामुळं.

पायरी दुसरी: दोन द्राक्षं आली की काय होतं ते बघा

पहिल्या पन्नास डावांत पाच वेळा दोन द्राक्षं आली. दोन निघाली की भाच्याचा हात तिसऱ्या डब्यात घुटमळायचा, श्वास रोखलेला असायचा. तिसरा ऊस निघाला की तो म्हणायचा, "अरे, जवळ आलं होतं! आता येणारच."

हजार निकालांत नेमकी दोन द्राक्षं ९६ वेळा येतात आणि तीन फक्त ८ वेळा. एका "आलं"मागं बारा "जवळ आलं". याला निअर मिस म्हणतात, आपल्या भाषेत थोडक्यात हुकणं. नेमबाजीत थोडक्यात हुकणं म्हणजे नेम सुधारतोय. डब्यात मात्र दोन द्राक्षं-एक ऊस आणि तीन वेगवेगळी पिकं यांत काडीचाही फरक नाही. दोन्हींत एक चिंचोका गेला. पण मेंदू पहिल्याला जवळजवळ जिंकणं म्हणून नोंदवतो, आणि मशीन बनवणाऱ्यांना हे पुरेपूर माहीत असतं. कसं, ते पुढच्या पायरीत.

पायरी तिसरी: डब्यांकडून खऱ्या मशीनकडं

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकनं १८९० च्या दशकात 'लिबर्टी बेल' नावाचं मशीन बनवलं. तीन फिरती रिळं, त्यांवर नाल, पत्त्यांची चिन्हं आणि एक घंटा. तीन घंटा एका रेषेत आल्या की सगळ्यात मोठं बक्षीस, पन्नास सेंट. बाजूला ओढायचा दांडा होता, म्हणून अमेरिकेत या मशीनला एका हाताचा दरोडेखोर म्हणू लागले. पुढं काही मशीनं पैशाऐवजी फळांच्या चवीचं च्युइंगम देऊ लागली. चेरी, लिंबू, कलिंगड ही चिन्हं त्या काळापासून चालत आली आहेत.

तोवर सगळं दात्यांवर आणि स्प्रिंगांवर चालायचं. १९६३ मध्ये बॅली कंपनीचं विजेवर चालणारं 'मनी हनी' आलं. १९७६ मध्ये 'फॉर्च्युन कॉइन' कंपनीचं, रिळांच्या जागी टीव्हीचा पडदा असलेलं मशीन आलं. पण खरा बदल १९८४ मधला. इंगे टेल्नेस यांना त्या वर्षी एका कल्पनेचं पेटंट मिळालं, आणि आजचं मशीन समजायचं तर ती कल्पना समजायला हवी.

रिळावर २२ जागा असतील आणि द्राक्ष त्यातल्या एकाच जागी असेल, तर तीन द्राक्षं यायची शक्यता २२ × २२ × २२, म्हणजे १०,६४८ डावांत एक. याहून मोठं बक्षीस ठेवायचं तर रीळ मोठं करावं लागणार, आणि मोठं रीळ बघितलं की गिऱ्हाईक बिचकतं. टेल्नेस यांनी सुचवलं की रीळ आहे तेवढंच राहू द्या, निकाल आतल्या संगणकातल्या आकड्यांवरून ठरवा. आत समजा ६४ आकडे आहेत. त्यातला एकच आकडा द्राक्षाला दिला, पाच-सहा आकडे द्राक्षाच्या लगेच वरच्या कोऱ्या जागेला आणि तेवढेच खालच्या कोऱ्या जागेला. आता तीन द्राक्षांची शक्यता ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ डावांत एक. डोळ्यांना मात्र बावीस जागांचं साधं रीळ दिसतं, आणि द्राक्ष पुन्हा पुन्हा रेषेच्या किंचित वर किंवा किंचित खाली थांबताना दिसतं.

डब्यांच्या भाषेत सांगायचं तर रिळावर दिसणारं चित्र हे डब्याचं झाकण आहे. चिठ्ठ्या किती ते झाकणावरून कळत नाही. भाच्याला मी हे दोनदा समजावलं, कारण रीळ बघून शक्यता मोजायचा मोह गणिताच्या माणसालाही होतो.

पायरी चौथी: बटण दाबल्यावर नेमकं काय होतं

मशीनच्या आत आरएनजी नावाचा प्रोग्राम असतो, यादृच्छिक आकडे तयार करणारा. तुम्ही खेळत असा वा नसा, तो सेकंदाला शेकडो-हजारो आकडे काढतच असतो. बटण दाबलंत त्या क्षणी जो आकडा हाती असेल तो उचलला जातो आणि त्यावरून प्रत्येक रीळ कुठं थांबणार हे ठरतं. डाव तिथंच संपला. त्यानंतरचं फिरणं, मंदावणं, शेवटचं रीळ मुद्दाम रेंगाळणं हा ठरलेल्या निकालाचा देखावा आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. रिळं फिरत असताना दुसऱ्यांदा बटण दाबून ती थांबवली, तर देखावा लवकर संपतो, निकाल तोच राहतो. तुम्ही उठलात आणि दुसऱ्याच मिनिटाला तिथं बसलेल्याला जॅकपॉट लागला, तर तो तुमचा नव्हता. तुम्ही बसून राहिला असता तरी अगदी त्याच क्षणी तुमचं बोट बटणावर पडलं नसतं. आणि दांडा ओढा, बटण दाबा की पडद्याला हात लावा, आतली चिठ्ठी एकाच पद्धतीनं निघते.

पायरी पाचवी: पडद्यावरचे शब्द

नवा माणूस इथं गांगरतो, म्हणून भाच्याला मी एका कागदावर शब्द काढून दिले.

रीळ म्हणजे उभा फिरणारा पट्टा. आजच्या मशीनवर बहुधा पाच असतात, प्रत्येकात तीन चिन्हं दिसतात. पेलाइन म्हणजे ज्या रेषेत चिन्हं जुळली की पैसे मिळतात ती रेषा. ती सरळ असते, तिरकी असते, नागमोडीही असते. काही मशीनवर रेषाच नसतात, डावीकडून उजवीकडं सलग रिळांवर चिन्ह कुठंही आलं तरी चालतं. पाच रिळांवर तीन-तीन चिन्हं म्हणजे ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ वाटा, म्हणून अशा मशीनवर '२४३ वेज' लिहिलेलं दिसतं. वाटा जास्त म्हणजे जिंकायची संधी जास्त असं वाटतं, पण तेवढ्या प्रमाणात प्रत्येक वाटेचं बक्षीस लहान केलेलं असतं.

वाइल्ड म्हणजे रमीतला जोकर, बहुतेक चिन्हांच्या जागी चालतो. स्कॅटर हे रेषेत यायची गरज नसलेलं चिन्ह. पडद्यावर कुठंही ठरावीक संख्येनं आलं की बहुधा फ्री स्पिन सुरू होतात. फ्री स्पिन म्हणजे वेगळे पैसे न लावता मिळणारे डाव. ते फुकट वाटतात, पण त्यांची किंमत आरटीपीच्या हिशेबात आधीच धरलेली असते. म्हणजे ते देता यावेत म्हणून साधे डाव तेवढे कमी देतात. मल्टिप्लायर म्हणजे जिंकलेल्या रकमेची दुप्पट, तिप्पट. पेटेबल म्हणजे कुठल्या जुळणीला किती याची यादी, आपल्या डब्यांवर लावलेल्या ३-१०-३० या कागदासारखी. ती 'आय' किंवा 'हेल्प' बटणामागं असते. पहिला डाव लावण्याआधी ती उघडून वाचाच. आरटीपी दिलेला असला तर बहुधा तिथंच सापडतो.

आता ज्यानं नवी माणसं सगळ्यात जास्त फसतात ते. मशीनवर रुपये दिसत नाहीत, क्रेडिट दिसतात. एका क्रेडिटची किंमत म्हणजे डिनॉमिनेशन. एक क्रेडिट एक रुपयाचं असेल आणि तुम्ही २० रेषांवर एकेक क्रेडिट लावलंत, तर एक डाव २० रुपयांचा झाला. 'एक रुपयाचं मशीन' म्हणून बसलेला माणूस मिनिटाला दोनशे रुपये लावतो आणि त्याला पत्ता लागत नाही. 'मॅक्स बेट' बटण सगळ्यात मोठी रक्कम एका झटक्यात लावतं, त्याला चुकूनही हात लागू देऊ नका.

आणि वीस रुपये लावून एका रेषेवर आठ मिळाले, तर मशीन दिवे लावतं, वाजतं, पडद्यावर 'विन ८' दाखवतं. तुमचे बारा रुपये गेलेले असतात. घरच्या डब्यात असं होऊ शकत नव्हतं, कारण तिथं रेषा एकच होती. भाच्याला मी सांगितलं की जिंकल्याचा आकडा बघूच नको, कोपऱ्यातलं 'क्रेडिट' किंवा 'बॅलन्स' आधी किती होतं आणि आता किती आहे तेवढंच बघ.

पायरी सहावी: तासाला किती जातात

मशीन कुठलंही असो, हा हिशेब बसण्याआधी करा. एका डावाची रक्कम, गुणिले तासातले डाव, गुणिले हाऊस एज.

डाव १० रुपयांचा आहे. सहा सेकंदाला एक डाव म्हणजे तासाला ६००. एकूण लावलेली रक्कम ६,००० रुपये. आरटीपी ९२ टक्के धरला तर हाऊस एज ८ टक्के, म्हणजे सरासरी ४८० रुपये तासाला. डाव २० चा असेल तर ९६०.

"पण माझ्याकडं दोनच हजार असतील तर सहा हजार लावीन कसे?" भाच्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर आपल्या मार्केट यार्डात आहे. हळदीचं पोतं विकलं की अडत्या आपली अडत घेतो. भाव चढो वा पडो, त्याची अडत ठरलेली. वर्षातून एकदा पोतं विकणाऱ्याला ती जाणवत नाही. पण तेच पोतं एका दिवसात दहा वेळा विकून पुन्हा घेतलं, आणि दर वेळी अडत कापली गेली, तर संध्याकाळी पोत्यात हळद किती उरेल? मशीनवर नेमकं हेच चालतं. जिंकलेले क्रेडिट तुम्ही पुन्हा लावता, आणि दर फेऱ्याला आठ टक्के कापले जातात. दोन हजारांचा एक पूर्ण फेरा झाला की सरासरी १,८४० उरतात. ते सगळे पुन्हा लावले की १,६९३. असे दहा फेरे झाले की ८७० च्या आसपास. आरटीपी ९२ आणि हातात ४३ टक्के, आणि यात कुणी लबाडी केलेली नाही.

म्हणून डावाची रक्कम लहान ठेवणं आणि वेग कमी करणं हे खेळणाऱ्याच्या हातातले खरे उपाय आहेत. 'ऑटोप्ले' बंद ठेवा. दोन डावांमध्ये पाणी प्या, मित्राशी बोला.

पायरी सातवी: सारखाच आरटीपी, वेगळा स्वभाव

आता डब्यांवरचा कागद बदला. तीन ऊस आले तर फक्त १, तीन हळदीला ८ आणि तीन द्राक्षांना ६८. हिशेब करा: १२५ × १ = १२५, २७ × ८ = २१६, ८ × ६८ = ५४४. बेरीज पुन्हा ८८५. आरटीपी तोच, ८८.५. हिट फ्रिक्वेन्सीही तीच. पण शंभर चिंचोके घेऊन बसा आणि फरक बघा. पहिल्या कागदावर चिंचोके हळूहळू कमी होतात, मधूनमधून भरतात. दुसऱ्यावर ते भराभरा आटतात, आणि द्राक्षं आली तरच एकदम ढीग पडतो.

याला व्होलॅटिलिटी म्हणतात, काही मशीनवर 'व्हेरिअन्स' असाही शब्द दिसतो. कमी असेल तर लहान बक्षिसं वारंवार, जास्त असेल तर लांब दुष्काळ आणि क्वचित पूर. पेटेबलमध्ये सगळ्यात वरचं बक्षीस डावाच्या हजारो पट दिसलं, तर मशीन दुष्काळी आहे असं समजायला हरकत नाही. थोडे पैसे आणि बराच वेळ काढायचा असेल तर अशा मशीनपुढं बसू नका.

याचंच टोक म्हणजे प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट. अनेक मशीनं एकमेकांना जोडलेली असतात आणि प्रत्येक डावातला एक कण एका मोठ्या भांड्यात जमा होत राहतो. आपल्याकडची भिशी डोळ्यापुढं आणा, फक्त भिशीत आज ना उद्या तुमची पाळी येते, इथं ती कधीच न येण्याचीच शक्यता फार मोठी. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९८६ मध्ये 'मेगाबक्स' नावाची अशी साखळी सुरू झाली आणि २००३ मध्ये लास वेगासला तिचा सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. अशाच बातम्या वर्षानुवर्षं सांगितल्या जातात. आणि बऱ्याच प्रोग्रेसिव्ह मशीनवर सगळ्यात मोठी रक्कम लावली असेल तरच भांडं मिळतं, ही अट पेटेबलमध्ये बारीक अक्षरात असते.

पायरी आठवी: तिथं कानावर येणाऱ्या गोष्टी

"हे मशीन भरलंय, आता देणार." चिठ्ठ्या परत टाकलेल्या असतात, आठवतंय ना? "याला आत्ताच जॅकपॉट लागला, आता महिनाभर देणार नाही." तेच उत्तर. "पहाटे मशीनं सैल सोडतात." आरएनजीला घड्याळ बघायचं कारण नाही. पहाटे कमी लोक असतात, त्यामुळं कुणी जिंकलं तर सगळ्यांना दिसतं, एवढंच.

"सगळं फिक्स असतं" असंही लोक म्हणतात. मान्यताप्राप्त ठिकाणी मशीनला फसवायची गरजच पडत नाही. नेवाडात कायद्यानं किमान ७५ टक्के आणि न्यू जर्सीत ८३ टक्के परत द्यावे लागतात, आणि मालकाचा वाटा उघडपणे त्यात बसतो. फिक्स असण्याची खरी भीती कुठं आहे, ते पुढं.

पायरी नववी: निघण्याआधी कायदा

सांगली-साताऱ्यात स्लॉट मशीनवर पैसे लावण्याची एकही कायदेशीर जागा नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडं लागू आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा महाराष्ट्राचा एक कायदा होता, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. तेव्हा एखाद्या गाळ्यात 'व्हिडिओ गेम' अशी पाटी लावून आत आकड्यांची मशीनं चालवत असतील, तर तिथं कायद्याचं संरक्षण नाही, मशीन कुणी तपासलेलं नाही, आणि आतल्या चिठ्ठ्या मालकाला हव्या तशा.

गोव्यात १९७६ चा तिथला कायदा आहे. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक मशीनं चालवायला परवानगी मिळाली, आणि नंतर पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ आले. पणजीत मांडवीच्या पात्रात उभी दिसतात ती हीच जहाजं. आत जायला वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

कराचंही ऐका. कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे मशीनचा आरटीपी ९२ असला तरी तुमच्या खिशाचा त्याहून बराच कमी.

मोबाइलवरच्या स्लॉटबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण गोव्याला वर्षातून एकदा जाणं होतं आणि फोन उशाशी असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं बंदी आली आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तरीही टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर लिंका फिरतात. यात आरएनजी वगैरे काही नसतं. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला जिंकू देतात, शेदोनशे रुपये खात्यात खरंच येतात. मग मोठी रक्कम टाकली की पडद्यावर आकडा फुगत जातो, आणि काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा". आमच्याच गल्लीतल्या एका घरात हे घडलं. ज्यानं पैसे गमावले त्यानं टॅक्स म्हणून दोनदा आणखी भरले, कारण पडद्यावरचा आकडा त्याला आपलाच वाटत होता. असं झालं तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

पायरी दहावी: मशीनपुढं

भाच्याला मी एवढंच सांगितलं. आधी रक्कम ठरव, गेली तरी घरी सांगायला संकोच वाटणार नाही एवढी. ती रोख वेगळ्या पाकिटात ठेव, कार्ड आणि यूपीआयचा फोन खोलीवर. पेटेबल वाच. डिनॉमिनेशन आणि रेषा बघून एका डावाचे रुपये मोठ्यानं म्हण. पाऊण तासाचा गजर लाव. मित्राकडून उसने मागायचे नाहीत आणि मित्राला द्यायचेही नाहीत. उठताना 'कॅश आउट' किंवा 'कलेक्ट' दाब; छापील चिठ्ठी निघाली तर ती म्हणजे पैसेच, काउंटरवर देऊन रोख घे आणि मग बाहेर पड.

परत आल्यावर त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. दहा रुपयांचा डाव, पाऊण तास, २१४ डाव, पाकिटातल्या हजारातले ६३० परत. कागदाच्या कोपऱ्यात उभ्या रेघा मारलेल्या होत्या, एकूण एकोणीस. "हे काय?" म्हटलं तर म्हणाला, "थोडक्यात हुकलेले, मामा. मोजत होतो."

गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा बसावंसं वाटू लागलं, घरच्यांपासून आकडा लपवावा लागू लागला, झोपेत रिळं दिसू लागली, तर ही कुणाच्या स्वभावातली खोट नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.